तिसरीची नाडीपरीक्षा

पी.टी. सरांची शिट्टी चित्रकलेच्या सरांच्या गळ्यात पडली, ती अगदी शब्दशः. मोठ्या बाईंनी ती टेबलाच्या खणातून काढली, लाल दोरीसकट त्यांच्या गळ्यात घातली आणि म्हणाल्या, "तीन आठवडे. तिसरीचे शारीरिक शिक्षणाचे आणि आरोग्याचे सगळे तास तुमच्याकडे."

"पण बाई, मला साध्या दोरीवरच्या उड्यासुद्धा येत नाहीत."

"मुलांना येतात. तुम्ही फक्त शिट्टी वाजवा."

पी.टी. सरांचा पाय मुरगळला होता. चौथीच्या मुलांना जिना सुरक्षितपणे कसा उतरावा, हे दाखवताना ते शेवटून तिसऱ्या पायरीवरून एकदम खाली आले होते. डॉक्टरांनी पाय उशीवर ठेवून पडून राहायला सांगितलं होतं. चित्रकलेचे सर आठवड्यातले बरेच तास मोकळे असत आणि दुसरं म्हणजे ते अजून कायम झालेले नव्हते. दोन वर्षं झाली तरी त्यांचा कागद मोठ्या बाईंच्या कपाटातच होता. सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते आणि त्यानंतरच तो कागद पुढे सरकणार होता. अशा माणसाला नाही म्हणायची सोय नसते. सर शिट्टी सावरत बाहेर पडले.

मंगळवारी मैदानावर त्यांनी ती वाजवली. चौतीसच्या चौतीस मुलं जागच्या जागी थांबली आणि त्यांच्याकडे बघायला लागली. इतका परिणाम होईल असं सरांना वाटलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवलंच नव्हतं. मुलांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग जिकडे वाट फुटेल तिकडे ती धावत सुटली. तीन जण तर शाळेच्या पाण्याच्या टाकीवर सापडले. त्यांना शिपाईकाकांनी एकेक करून खाली उतरवलं.

बुधवारी सरांनी मैदानाचं नावच काढलं नाही. शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेत त्यांना पाचवा धडा दिसला : 'आपले हृदय. कृती : नाडी मोजणे.' यात धावायचं नव्हतं, टाकी नव्हती आणि फळ्यावर चित्र काढायला भरपूर वाव होता. सरांच्या जिवात जीव आला.

त्यांनी रंगीत खडूंनी हृदय काढलं, मुठीएवढं, शिरा आणि धमन्या फुटलेलं. वर्गाचा मात्र विरस झाला.

"सर, हे बदामासारखं नाहीये," मागून कुणीतरी म्हणालं.

"खरं हृदय असंच असतं."

"मग पत्त्यातलं खोटं असतं?"

त्या वाटेला न जाता सरांनी मनगट वर केलं. अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या आत, दोन बोटं हलकेच ठेवायची. अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचेच ठोके असतात. वर्ग नाडी शोधायला लागला. कुणी कोपरात शोधली, कुणी गुडघ्यात. एकाने बाकाच्या लाकडावर बोटं ठेवून डोळे मिटून घेतले. मग एकदम किंकाळी आली, "सर, ह्याला नाडीच नाहीये! हा मेलाय!"

"मी मेलो नाहीये!" मेलेला ओरडला.

"मग लागत का नाहीये?"

सरांनी त्याची बोटं दोन बोटांएवढी वर सरकवली. मेलेल्याचा चेहरा एकदम उजळला. "आहे! सर, आत कुणीतरी टकटक करतंय!"

त्यानंतर वर्गात जी शांतता पसरली, तशी सरांनी दोन वर्षांत कधी ऐकली नव्हती. चौतीस मुलं स्वतःचं मनगट धरून ओठ हलवत होती. सगळ्यांत आधी मोजून झालं ते मीटरचं. हा मुलगा पायऱ्या, खिडकीचे गज, फरशा, जे दिसेल ते मोजायचा, म्हणून वर्गाने त्याला हे नाव दिलं होतं. त्याची नाडी अठ्ठ्याऐंशी भरली. मग सगळ्यांनी वीस उड्या मारल्या आणि पुन्हा मोजली. एकशे तीस, एकशे चाळीस! मुलं हरखून गेली. इतके दिवस आपल्या हातातच असं काही चालू होतं आणि ते कुणी सांगितलंच नव्हतं, असा त्यांचा एकूण चेहरा होता.

"पण सर," दुसऱ्या बाकावरून आवाज आला. ह्या मुलीचं प्रत्येक वाक्य असंच सुरू व्हायचं, त्यामुळे सगळी शाळा तिला पणसर म्हणायची. "पण सर, उड्या न मारता वाढते का?"

"वाढते ना. घाबरलं की वाढते."

"अजून?"

"राग आला की."

"अजून?"

तास संपायला आला होता. सर फळा पुसत होते. पाठमोरेच म्हणाले, "खोटं बोलतानाही वाढते कधीकधी. आता गृहपाठ लिहून घ्या. घरातल्या चार माणसांची नाडी मोजून तक्त्यात भरायची. एकदा बसून, एकदा जिना चढून आल्यावर."

हे बोलत असताना नेमकी मधेच घंटा झाली. गृहपाठ सगळ्यांना ऐकू गेला. 'खोटं बोलताना' हेही ऐकू गेलं. 'कधीकधी' तेवढं घंटेत विरून गेलं.

गुरुवारी सकाळी वह्या जमा झाल्या. न सांगता चौतीसच्या चौतीस! सर खुश होऊन पहिली वही उघडून बसले. त्यांनी दोन रकाने सांगितले होते. मुलांनी स्वतःच्या बुद्धीने तिसरा आखला होता : 'काय विचारलं.'

'बाबा. बसून ७४. सिगारेट सोडली का विचारल्यावर ११०. आईची मोजायची राहिली, आई ओरडत होती.'

'आजी. बसून ७२. गोळ्या घेतेस ना विचारल्यावर ९६. गोळ्या कुंडीत सापडल्या. अकरा.'

'काका. बसून ८०. परीक्षेचा निकाल लागला का विचारल्यावर १२४. काका हात सोडवून घराबाहेर गेला. जिना उतरल्यावरची मोजता आली नाही.'

'आई. बसून ७८. मी जास्त आवडतो की ताई? ९०. ताईने विचारलं तेव्हापण ९०. मग आईने आमच्या दोघांची मोजली.'

मीटरच्या वहीत तर चार माणसांऐवजी अकरा माणसं होती. वरच्या मजल्यावरचे शेजारी, दूधवाला आणि घर बघायला आलेलं एक अनोळखी जोडपंसुद्धा.

आधी सर हसले. पाचव्या वहीनंतर त्यांचं हसू आटलं. दहाव्या वहीला त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

दुपारी शाळा सुटायच्या आधीच फाटकाशी पालक उभे होते. सर मागच्या दाराने निघायच्या बेतात होते, पण शिपाईकाकांनी त्यांना पुढे घालून आणलं.

"तुम्हीच का ते नाडीचे सर?" एका गृहस्थांनी विचारलं. त्यांच्या शर्टाच्या खिशातून लवंगेचा वास येत होता. "अहो, माझ्या घरात काल कोर्ट भरलं होतं. एका हाताला मुलगी, दुसऱ्या हाताला बायको! मधे मी!"

"मी तर खरंच बोलले होते," एक बाई रडवेल्या सुरात म्हणाल्या. "सासूबाईंनी विचारलं, माझ्या हातचं जेवण आवडतं ना? मी हो म्हटलं. मनापासून! तर हा कार्टा ओरडतो, आजी, एकशे चार! सासूबाई कालपासून जेवल्या नाहीत."

"आणि तुम्ही?" सरांनी न राहवून विचारलं.

"मी कशी जेवणार?"

गर्दीत एकच बाई हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या. त्यांच्या सासूच्या गोळ्या कुंडीत सापडल्या होत्या आणि त्यांना सरांचे आभार मानायचे होते. पण त्यांचा नंबर येईपर्यंत मोठ्या बाईंनी सरांना आत बोलावून घेतलं.

"तिसरीला तुम्ही काय शिकवलंत?"

"नाडी."

"कुणाची?"

"स्वतःची. म्हणजे घरच्यांची. पण मी 'कधीकधी' म्हटलं होतं, बाई."

"काय कधीकधी?"

सरांनी सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या असं करत तेव्हा समोरचा माणूस आपोआप उभा राहत असे. सर आधीपासूनच उभे होते, म्हणून ते जरा मागे सरकले.

"सोमवारी साहेब येताहेत. त्यांच्या हाताला जर एकाही पोराने हात लावला, तर तुमच्या कागदाचं काय करायचं ते मला ठरवावं लागेल. उद्या पहिल्या तासाला हे निस्तरा."

शुक्रवारी पहिल्या तासाला सर वर्गात गेले ते घरून पाठ करूनच. "मुलांनो, नाडी खोटं ओळखत नाही. ती वाढायला पुष्कळ कारणं असतात. नुसतं कुणी हात धरून प्रश्न विचारला, तरीही माणूस बावचळतो आणि नाडी वाढते."

चौतीस चेहऱ्यांवर अविश्वास होता. "पण सर," पणसर म्हणाली, "आजीच्या गोळ्या तर सापडल्या."

"तो योगायोग."

"अकरा गोळ्या योगायोग?"

सरांनी खुर्ची वर्गाच्या मधोमध ओढली, बाही दुमडली आणि हात पुढे केला. "घ्या. मोजा. मग मला काहीही विचारा. मी खरंच बोलणार. तरी वाढते की नाही बघा."

मीटर पुढे आला. बसून ब्याऐंशी. बाकीच्यांनी खुर्चीभोवती कोंडाळं केलं. काही बाकांवर चढले. काय विचारायचं यावर कुजबुज झाली आणि शेवटी सगळ्यांच्या वतीने पणसर पुढे झाली.

"सर, आम्ही तुम्हाला आवडतो का?"

ह्या प्रश्नाची सरांनी तयारी केलेली नव्हती. त्यांनी वर पाहिलं. सगळीकडून चेहरेच चेहरे आणि कुणाचीही पापणी हलत नव्हती. "हो," ते म्हणाले. आवाज जरा फाटलाच. "आवडता."

मीटर ओठ हलवत राहिला. मिनिट संपता संपेना. मग त्याने हात खाली ठेवला, अगदी हळू, आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "एकशे अठरा."

बाकांवर चढलेली मुलं आवाज न करता खाली उतरली. बुधवारी मेलेला मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पणसरचा खालचा ओठ थरथरायला लागला, आणि ती रडू शकते ही गोष्ट सरांना त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हती.

"अरे, पण मी खरं बोललो!" सर खुर्चीवरून उठलेच. "मला आवडता तुम्ही! मी घाबरलो होतो, म्हणून वाढली!"

"कुणाला घाबरलात?"

"तुम्हाला!"

"आम्हाला?" पणसरने नाक पुसलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यामागे दुसरंच काहीतरी जागं झालं होतं. "सर, तुम्ही आम्हाला घाबरता?"

"रोज," सर म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

वर्गाला हे अजिबात माहीत नव्हतं. दोघं-तिघं एकमेकांकडे बघून अभिमानाने फुगलेच. पणसर मात्र विचारात पडली होती. "पण सर, मग घाबरलेला माणूस कोणता आणि खोटारडा कोणता, हे ओळखायचं कसं?"

"तेच तर सांगतोय. नाडीवरून ओळखता येत नाही."

"तुम्ही म्हणता म्हणून?"

प्रश्न बरोबर होता. बुधवारी एक गोष्ट सरांनी सांगितली म्हणून मुलांनी खरी मानली होती आणि घराघरांत कोर्टं भरली होती. आज दुसरी गोष्ट केवळ त्यांनी सांगितली म्हणून खरी मानायची?

"नाही," ते म्हणाले. "मी म्हणतो म्हणून नाही. आपण बघू या."

कसं बघायचं, ते मीटरने ठरवलं. दोघा-दोघांच्या जोड्या. प्रत्येकाने एक खरी आणि एक खोटी गोष्ट सांगायची, जोडीदाराने दोन्ही वेळा नाडी मोजायची. कुठली कोणती, ते आधीच चिठ्ठीवर लिहून सरांकडे द्यायचं, म्हणजे नंतर कुणाला शब्द फिरवता येणार नाही. सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले आणि वर्गात गुणगुण सुरू झाली. "आमच्या घरी हत्ती आहे." "मी एकदा साबण खाल्लाय." "माझ्या मामाला सहा बोटं आहेत." साबण खरा निघाला. वर्गातल्या सगळ्यांत पोचलेल्या मुलाने हत्तीची गोष्ट सोंडेसकट सांगितली, तरी त्याची नाडी शहात्तरच्या पुढे हलली नाही. उलट पहिल्या बाकावरच्या एका लाजाळू मुलीने फक्त स्वतःच्या आईचं नाव सांगितलं, तर तिची एकशे सव्वीस झाली.

सरांनी चिठ्ठ्या उघडल्या. खोटं बोलताना वाढली, तेरा. खरं बोलताना वाढली, चौदा. दोन्ही वेळा सारखीच, सात.

"म्हणजे काहीच कळत नाही!" पणसर आनंदाने ओरडली. इतक्या आनंदाने की जणू काही तिला बक्षीस मिळालं होतं.

नेमकं त्याच वेळी दार उघडलं. दारात मोठ्या बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी धापा टाकत, हातात फाईल घेतलेले एक भारदस्त गृहस्थ. तपासणीचे साहेब. सोमवारचं कळवून शुक्रवारी यायची त्यांची जुनी सवय होती, ती बाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

मोठ्या बाईंनी फळ्याकडे पाहिलं. 'खोटं बोलताना : १३' हे ठसठशीत अक्षरांत होतं. त्यांनी दाराची चौकट धरली. पणसरला वाटलं, बाईंना बरं वाटत नाहीये. तिने धावत जाऊन त्यांचा दुसरा हात धरला आणि बोटं आपोआप योग्य जागी गेली.

"छान, छान," साहेब घाम पुसत म्हणाले. "काय बाई, मैदानावर कवायत रोज होते ना?"

"रोज," मोठ्या बाई म्हणाल्या.

पणसर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजत होती. साहेब खिडकीतून मोकळ्या मैदानाकडे पाहत होते. मग वर्गभर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "एकशे बावीस!"

सरांना डोळ्यांसमोर त्यांचा कागद दिसला. तो कपाटातून निघून, हवेत तरंगत खिडकीबाहेर चालला होता.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाडी आहे, साहेब," मीटर उभा राहिला. "बुधवारी आम्हाला वाटलं होतं, खोटं बोललं की ती वाढते. पण तसं नसतं. आत्ताच आम्ही मोजून बघितलं. त्यामुळे एकशे बावीस झाली तरी बाई खोटं बोलल्या असं काही म्हणता येत नाही. त्या नुसत्या घाबरल्या असतील. आमचे सर आम्हाला घाबरतात."

साहेबांनी फळ्यावरचे तिन्ही रकाने नीट वाचले. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर रंग परतायला लागला होता. चौतीस मुलं त्यांच्याकडे बघत होती, आणि ती सगळी त्यांच्या बाजूने होती. बाईंनी घसा खाकरला.

"साहेब, कवायत ह्या आठवड्यात झाली नाही. मंगळवारी एकदा केली, तर मुलं टाकीवर चढली. आमचे पी.टी. सर रजेवर आहेत. हे चित्रकलेचे सर आहेत."

पणसरने तेवढ्यात पुन्हा मोजली होती. "एकशे तीस! बघा साहेब, खरं बोलल्यावर अजून वाढली! सर, चौदाचे पंधरा करा!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. साहेब हसले ते खुर्चीत बसेपर्यंत हसतच होते. सरांनी निमूटपणे खडू घेऊन चौदाचे पंधरा केले. मग साहेबांनी स्वतःच मनगट पुढे केलं. "माझी बघा. दोन जिने चढून आलोय."

मीटरने बोटं ठेवली. एक मिनिट झालं. तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. "काय रे, हरवली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. पण तुमची मधेच एक ठोका गाळते."

"तू गाळत असशील."

"मी गाळत नाही," मीटर शांतपणे म्हणाला. वर्गातल्या कुणालाही ते पटवून द्यायची गरज नव्हती. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा बघितली. मग सरांनी बघितली. टक, टक, टक, मग काहीच नाही, मग घाईघाईने दोन.

"साहेब, मी चित्रकलेचा माणूस," सर म्हणाले. "बहुतेक काही नसेलही. पण एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

साहेबांनी फाईल मिटली आणि उरलेली तपासणी न करताच ते गेले. मीटरला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मधल्या सुट्टीत तो डबा न खाता बसून राहिला. सरांनी त्याच्या शेजारी बसून त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं की मोजणाऱ्याचं काम मोजायचं, ते त्याने नीट केलं होतं.

दोन आठवड्यांनी साहेबांचं पत्र आलं. डॉक्टरांना खरंच काहीतरी सापडलं होतं. वेळेत सापडलं, आता रोज एक गोळी आणि जिने जरा हळू चढायचे, एवढंच. पत्रात तिसरीच्या मुलांना भरभरून शाबासकी होती. मीटरने ते पत्र वर्गात मोठ्याने वाचलं आणि त्यात किती शब्द आहेत तेही सांगितलं. मोठ्या बाईंनी त्याच दिवशी कपाटातला कागद काढून सही करून पुढे पाठवला.

पत्रात दुसराही एक परिच्छेद होता. साहेबांनी आजूबाजूच्या चाळीस शाळांना हा नाडीचा पाठ शिकवायचा ठरवला होता. त्याचं मार्गदर्शन 'आपल्या शाळेतील अनुभवी शारीरिक शिक्षण शिक्षक' करतील, असं त्यात लिहिलं होतं. शाळेत शारीरिक शिक्षण शिक्षक म्हणून नोंद एकाचीच होती, आणि त्यांचा पाय आता बरा झाला होता.

पत्रातला तो उल्लेख बदलून घ्या म्हणून मोठ्या बाई दोनदा म्हणाल्या, पण चित्रकलेच्या सरांनीच नको म्हटलं. चाळीस शाळांच्या शिक्षकांसमोर उभं राहायचं, ह्या नुसत्या कल्पनेने त्यांची नाडी किती झाली असती, ते त्यांना मोजायचंसुद्धा नव्हतं.

सोमवारी दुसऱ्या तासाला तिसरीला चित्रकला होती, तेव्हा वर्गाच्या दाराशी पी.टी. सर आले. धिप्पाड माणूस, पण आवाज एकदम खाली आलेला. "चित्रकार, जरा एक विचारायचं होतं. ती नाडी नक्की असते कुठे?"

सरांनी मागे वळून वर्गाकडे पाहिलं. पणसर आधीच बाकावर सरकून जागा करत होती. पी.टी. सर त्या छोट्या बाकात गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे बसले आणि घाईघाईने मनगटावर अंगठा दाबून मोजायला लागले.

"पण सर," पणसर म्हणाली, "आधी तो अंगठा काढा. आणि थोडा वेळ गप्प बसा. आल्या आल्या मोजायची नसते."

बारा वर्षांत तिसरीच्या तासाला पी.टी. सर पहिल्यांदाच गप्प बसले.